सर्पगंधा आणि मोजणारी माणसं



औषधी वनस्पतींवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. या विषयावर तासाभरात शंभर झाडांची नावं आणि त्यांचे शंभर गुण सांगून मोकळं होता येतं. तसं मी करणार नाही. मी औषधशास्त्राचा मास्तर. शिकवताना एक झुडूप दर वर्षी पुन्हा पुन्हा वर्गात येत राहिलं. रक्तदाबाच्या धड्यात ते यायचं, मनोविकारांच्या धड्यात यायचं, कंपवाताच्या धड्यातही यायचं. ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. आज फक्त तिच्याविषयी बोलतो. झाडात गुण असतोच, पण कुणीतरी तो मोजायला बसतं तेव्हाच तो रोग्याच्या कामी येतो, असं माझं ठाम मत आहे. त्याचा सर्पगंधेइतका भक्कम पुरावा देणारी दुसरी भारतीय वनस्पती मला माहीत नाही.

जंगलात गेलात तर सर्पगंधा पायाशी असून दिसणार नाही. हात-दीड हात उंचीचं झुडूप, फार तर कमरेपर्यंत जाणारं. दमट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. एकेका पेरावर तीन-चार पानं गोलाकार लागतात. फुलं पांढरी, पण त्यांची नळी आणि देठ लालसर. फळं आधी लाल, मग जांभळट काळी. कूळ कण्हेरीचं. सदाफुली, सातवीण, पांढरा कुडा, देवचाफा ही सगळी याच कुळातली, म्हणजे औषध आणि विष यांची सरमिसळ असलेलं हे घराणं. हिमालयाची तराई, आसाम, पूर्व घाट, आणि आपल्या बाजूला कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत ती आढळते. देशाबाहेर म्यानमार, थायलंड, इंडोनेशियातही आहे. औषध असतं ते मुळात, आणि त्यातही बहुतेक मुळाच्या सालीत. मूळ वेडंवाकडं, पिवळट तपकिरी, आणि चव अशी कडू की जिभेवरून लवकर जात नाही.

बिहारमध्ये हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकलं जाई. बेभान झालेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला त्याचं चूर्ण देत. किरकिऱ्या मुलाला झोपवण्यासाठीही ते चाटवत. आपल्या संहितांमध्ये सर्पगंधा हे नाव विषावरच्या उपचारांत येतं, पण ती हीच वनस्पती होती का, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सापाच्या विषावरच्या मुळांची चर्चा केली आहे. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस एक मूळ चावतं, ही कथाही त्यात आहे. त्यातलं एक मूळ सर्पगंधेचं असावं, असं पुढच्या अभ्यासकांनी मानलं.

इथे थांबून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत खेड्यापाड्यांतून आलेले बरेच जण आहेत. सर्पगंधेनं सापाचं विष उतरत नाही. मूळ उगाळून लावलं, पाजलं, तरी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर उतारा एकच, घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार केलेलं प्रतिविष. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ते तयार होत आलं आहे आणि सरकारी रुग्णालयात ते मिळतं. मुळी उगाळण्यात गेलेली घटका रोग्याच्या जिवावर बेतते. परंपरेनं सर्पगंधेबद्दल दोन दावे केले होते, एक वेडाचा आणि एक विषाचा. पहिला खरा ठरला, दुसरा नाही. दोन्ही दावे तितकेच जुने होते आणि तितक्याच विश्वासानं केले जात होते. यातला खरा कुठला, हे वयावरून आणि विश्वासावरून कळत नाही.

मोजायला सुरुवात झाली ती १९३१ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. सर्पगंधेच्या चूर्णानं झोप येते, उन्मादाचा जोर ओसरतो आणि वाढलेला रक्तदाबही उतरतो, असं त्यांनी नोंदवलं, आणि मात्राही दिली. मात्रा होती दिवसातून दोनदा २० ते ३० ग्रेन. सेन हे संस्कृतातले मोठे पंडित आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले. रक्तदाबमापक त्यांना परका नव्हता, आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या ‘वेडावरचं औषध’ असलेल्या मुळाचा दुसरा गुण उघड झाला. रक्तदाब हा प्रकार नाडीवर बोट ठेवून नेमका कळत नाही. त्यासाठी पारा वर चढलेला पाहावा लागतो.

त्याच वर्षी दिल्लीत तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातली स्फटिकरूप अल्कलॉइडं, म्हणजे परिणाम घडवणारी द्रव्यं, वेगळी काढली. कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान १९२७ मध्ये वारले होते. या संशोधनाला चालना त्यांचीच. म्हणून सिद्दीकींनी एका द्रव्याला नाव दिलं अजमलीन. हे द्रव्य आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या हाती आहे. ब्रुगाडा नावाचा एक विकार असतो. त्यात वरवर धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडू शकतं आणि साध्या आलेखात काहीच दिसत नाही. अजमलीन टोचलं की लपलेला दोष आलेखावर उमटतो. एका हकिमाचं नाव असं जगभरच्या हृदयरोग विभागांत रोज घेतलं जातं.

आता त्या काळचा रक्तदाब डोळ्यांसमोर आणा. आज घराघरात गोळी आहे. १९४० च्या दशकात काय होतं? मीठ बंद, पूर्ण विश्रांती, झोपेची औषधं, भात आणि फळांवरचा कडक आहार, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पाठीतून मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जगातलं उत्तमोत्तम वैद्यक उपलब्ध होतं. १२ एप्रिल १९४५ या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला. डॉक्टर शेजारी होते, आकडे दिसत होते, आणि देण्याजोगं औषध नव्हतं. वाढलेला दाब उतरवावा की तो शरीराची गरज म्हणून तसाच राहू द्यावा, यावरही तेव्हा नामांकित डॉक्टरांत एकमत नव्हतं.

अशा काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील काम करत होते. १९११ सालचा जन्म, पारशी घराणं, लंडनला शिकून आलेले. सर्पगंधेच्या मुळाची ‘सर्पिना’ नावाची गोळी १९३४ पासून बाजारात होती, आणि देशातले बरेच डॉक्टर ती रोग्यांना देत होते. म्हणजे औषध नवं नव्हतं, वापरही नवा नव्हता. वकिलांनी नवं काय केलं? ते मोजत बसले. वर्षानुवर्षं या मुळाचा अनुभव घेऊन त्यांनी ५० रोग्यांचा अभ्यास पद्धतशीर मांडला. आधीचा दाब, नंतरचा दाब, कुणाला किती फरक पडला, कुणाला पडला नाही, हे सगळं लिहिलं, आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. लेख जेमतेम सहा पानांचा. माझ्या मते आधुनिक भारतीय वैद्यकात इतका परिणाम घडवणारी सहा पानं फार थोडी आहेत.

कारण ती पानं बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचली. त्यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, आपल्या रोग्यांवर वापरून पाहिल्या, आणि वकिलांचं निरीक्षण बरोबर असल्याचं सांगितलं. नाडी मंदावते, मन शांत होतं, दाब हळूहळू उतरतो. पुढच्या काही वर्षांत सर्पगंधा अमेरिका-युरोपच्या औषधांच्या दुकानांत पोचली. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले. मुंबईत वैद्यक शिकणाऱ्या मुलांना त्यांचं नाव विचारलं तर बहुतेकांना ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शुद्ध द्रव्य काढणाऱ्याचं नाव पाठ्यपुस्तकात येतं. रोग्याच्या उशाशी बसून आकडे लिहिणाऱ्याचं येत नाही.

शुद्ध द्रव्य काढण्याचा प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. सिद्दीकींची स्फटिकं सुंदर होती, पण त्यांपैकी कुठल्याच द्रव्यात मुळाची ती शांतवणारी शक्ती पुरती उतरत नव्हती. झोपेचा गुण राळेसारख्या चिकट भागात आहे, हे १९४० च्या दशकात भारतातच लक्षात आलं होतं. चिकट, काळपट राळ हाताळायला कंटाळवाणी, तिच्यातून काही शुद्ध काढणं जिकिरीचं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथल्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तीच राळ चिकाटीनं धुंडाळली आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं. सुकलेल्या मुळात ते साधारण हजारात एक भाग असतं. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी तो गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधून दाखवला.

रेसरपिन करतं काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात, कणगीत धान्य भरून ठेवावं तशी. रेसरपिन या कणगीत धान्य भरण्याचं तोंडच बंद करतं. बाहेर राहिलेलं रसायन पेशी मोडून टाकते, साठा रिकामा होत जातो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ असा निरोप कमी पोचतो, दाब उतरतो. साठा रिकामा व्हायला दिवस लागतात, म्हणून गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. आणि औषध थांबवल्यावर परिणाम लगेच जात नाही, कारण साठा पुन्हा भरायलाही वेळ लागतो. ‘दोन दिवस घेतलं, काहीच झालं नाही, म्हणून दुप्पट घेतलं’ असं सांगणारे लोक भेटतात. या औषधात ती गोष्ट किती धोक्याची आहे, हे यावरून कळेल.

मेंदूतही हेच घडतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांवर रेसरपिन वापरलं आणि १९५४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्याच कामाचं दुसरं औषध, क्लोरप्रोमाझिन, फ्रान्सहून जेमतेम आलं होतं. ही दोन औषधं येईपर्यंत तिथल्या मनोरुग्णालयांत साखळ्या, बंद खोल्या, विजेचे धक्के यांचंच राज्य होतं. बिहारच्या बाजारात ज्या कामासाठी मूळ विकलं जात होतं, त्याच कामासाठी ते आता जगातल्या मोठ्या रुग्णालयांत आलं.

आणि त्याबरोबरच नोंदी येऊ लागल्या त्या हानीच्या. नाक चोंदतं. आम्लपित्त वाढतं, पोटात व्रण होतात. काही रोगी खिन्न होतात. जेवण नको, बोलणं नको, जगणंच नको वाटावं इतके खिन्न. वेडावर द्यायच्या मोठ्या मात्रेत हातपाय ताठरतात, चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतात, म्हणजे हुबेहूब कंपवात. इथे मात्रेचा हिशेब नीट पाहा. ३० ग्रेन म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम, दोन वेळा मिळून चार ग्रॅम चूर्ण. हजारात एक भाग रेसरपिन धरलं तर दिवसाला चार मिलिग्रॅम होतं. रक्तदाबासाठी पुढे जी मात्रा ठरली ती ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे सोळा ते चाळीस पटींचा फरक. मूळ तेच, पण एक मात्रा उन्मादाची आणि दुसरी रक्तदाबाची. हे अंतर लक्षात यायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर कितीतरी रक्तदाबाचे रोगी गरजेपेक्षा कितीतरी जास्त औषध घेत राहिले. आज कमी मात्रेतली खिन्नतेची भीती पूर्वी वाटली तितकी मोठी नसावी, असं बरेच संशोधक मानतात. तरीही ज्याला नैराश्याचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्याला सर्पगंधा देऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आणि आजही सांगतो. पोटात व्रण असलेल्यांना, गरोदर बायकांना, अंगावर पाजणाऱ्या आयांनाही नाही. तान्ह्या मुलाला तोंडानं श्वास घेणं जमत नाही. त्याचं नाक चोंदलं तर जिवावर येतं. म्हणून किरकिऱ्या बाळाला मूळ चाटवण्याची ती जुनी चाल मला अस्वस्थ करते.

ही हानीसुद्धा कुणीतरी नीट पाहिली, म्हणून तिचा उपयोग झाला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. १९५७ ची ही गोष्ट. डोपामिन संपलं की हालचाल थांबते, हे त्यातून उमगलं आणि कंपवाताच्या रोग्यांना एल-डोपा देण्याची वाट मोकळी झाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आता यातली आपल्या मातीतली गोष्ट. कोकणात कुंपणावर वाढणारी, अंगाला लागली तर जीव नकोसा करणारी खाजकुइली आपण सगळेच ओळखतो. तिच्या बियांत एल-डोपा आहे, हे १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं होतं. आयुर्वेदात कंपवातावर याच बिया, म्हणजे कवचबीज, वापरतात. एका वनस्पतीनं आणलेला कंप दुसऱ्या वनस्पतीतल्या द्रव्यानं उतरला. यात मला चमत्कार दिसत नाही, मला त्यात काळजीपूर्वक केलेलं काम दिसतं, आणि त्याबद्दल आदर वाटतो.

रक्तदाबाकडे परत येतो. दाब उतरवून माणूस खरोखर जास्त जगतो का, हा प्रश्न १९६७ पर्यंत लोंबकळत होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. औषध तीन द्रव्यांचं होतं, आणि त्यांतलं एक रेसरपिन. साखरेची गोळी घेणाऱ्यांत गंभीर घटना घडल्या २७ जणांना, औषध घेणाऱ्यांत दोघांना. रक्तदाबावर उपचार केलाच पाहिजे, हा आजचा नियम या आकड्यांवर उभा आहे. तुमच्यातल्या ज्येष्ठांना ‘ॲडेल्फेन’ ही गोळी आठवत असेल. आपल्याकडे कितीतरी घरांत ती रोज घेतली जाई. तिच्यात रेसरपिनच होतं.

पुढे नवी, अंगाला जास्त मानवणारी औषधं आली. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याच्या बातमीनं घबराट झाली. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध तितका टिकला नाही, पण औषधाचं नाव खाली गेलं ते गेलंच.

झुडपाचं काय झालं? १९५० च्या दशकात मागणी अचानक वाढली आणि रानंच्या रानं खणली गेली. पान-फूल तोडलं तर झाड राहतं, मूळ उपटलं की संपतं. भारतानं कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. १९९० पासून सर्पगंधा सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय तिचा परदेशी व्यापार करता येत नाही. देशातल्या बाजारात मात्र आजही रानातून आलेली मुळं येतात, आणि त्यांत तिच्याच जवळच्या दुसऱ्या जातींची मुळं मिसळलेली असतात. अमेरिकेतून येऊन आपल्याकडे रुजलेली चार पानांची जात त्यात नेहमी सापडते. तिच्यातही अल्कलॉइडं असतात, पण प्रमाण वेगळं. एका गावच्या आणि दुसऱ्या गावच्या मुळांतही फरक पडतो. मग ‘सर्पगंधा घनवटी, दोन गोळ्या’ याचा अर्थ काय घ्यायचा? कुठल्या दोन गोळ्या?

म्हणून दोन विनंत्या. रक्तदाबाचं किंवा मनोविकाराचं औषध चालू असताना कुणी सर्पगंधेची गोळी घेत असेल, तर तसं दोन्हीकडे सांगा, वैद्यांनाही आणि डॉक्टरांनाही. झाडपाल्याचं औषध म्हणजे औषध नव्हे असं समजून लोक ते सांगत नाहीत, आणि मग दाब इतका खाली जातो की उठून उभं राहिलं तरी घेरी येते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला तर आवर्जून सांगा.

दुसरी विनंती इथल्या बागायतदारांना. सर्पगंधेला अर्धी सावली आणि निचऱ्याची, पालापाचोळ्याची जमीन लागते. माझ्या मते नारळ-सुपारीच्या बागांत तिला जागा देऊन पाहायला हरकत नाही. बियाणं फार कमी उगवतं, कारण बऱ्याच बिया आतून पोकळ असतात. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात, किंवा सरळ मुळांचे तुकडे लावावेत. काढणीला दोन-तीन वर्षं धरावी लागतात, आणि खणायचं ते हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर, साल न खरवडता. पहिली मुळं निघतील तेव्हा ती थेट व्यापाऱ्याकडे जाऊ नयेत. जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयात एचपीटीएलसी यंत्र असेल, तर त्यावर रेसरपिनचं प्रमाण काढून घ्यावं. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. पोत्याला चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर गाव, लागवडीचं वर्ष, खणल्याचा महिना आणि हजारी किती रेसरपिन निघालं तो आकडा लिहावा.